पोकळ बांबूचा खर्ज

शुभाताई घाटे यांच्या यजमानांचे दिवसकार्य आटोपले. पाहुणे आपापल्या गावी परत गेले. मुलगा परीक्षित आणि सून रुचा पुन्हा कामावर जाऊ लागली, नात अनिका शाळेत जाऊ लागली. त्यानंतरच्या पहिल्याच निवांत दुपारी शुभाताईंना घरात एक आवाज ऐकू आला.

आवाज मोठा नव्हता. खालच्या पट्टीतला, एकसारखा, कुठेही न तुटणारा असा तो घुमारा होता. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, नेपरव्हिलमधल्या घरांना हिवाळ्यात आवाजांचा तोटा नसतो. तळघरातली फर्नेस आपल्या मनाने सुरू होते आणि आपल्या मनाने थांबते, फ्रिज स्वतःशीच कुरकुरतो, छपरावरचा बर्फ सरकला की कोणी तरी वर चालल्याचा भास होतो. शुभाताईंनी यांपैकी प्रत्येकाची चौकशी केली. फ्रिजला कान लावून पाहिला. फर्नेस बंद केली आणि अंगावर दोन शाली घेऊन सोफ्यावर बसून राहिल्या. हातपाय गार पडले, पण आवाज होता तसाच राहिला. स्वयंपाकघरात जेवढा, तेवढाच माडीवरच्या खोलीत. त्याच्या जवळ जाता येत नव्हते आणि त्याच्यापासून दूरही जाता येत नव्हते.

संध्याकाळी परीक्षित घरी आला तेव्हा घर बर्फासारखे गार पडलेले होते.

"आई, हीटिंग का बंद केलंस? पाइप फ्रीझ होतील ना!"

"आवाज कुठून येतो ते बघत होते."

"कसला आवाज?"

शुभाताई त्याच्याकडे पाहत राहिल्या. हाच प्रश्न त्यांनी पूर्वी अनेकांच्या तोंडून ऐकला होता, पण तेव्हा आवाज विचारणाऱ्यांना ऐकू येत असे आणि त्यांना नाही. आवाज त्यांनी ओळखला होता.

याचे कारण सांगण्यासाठी शुभाताईंच्या आयुष्याविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. लग्न होऊन त्या ज्या घरी आल्या ते घर वर्धा जिल्ह्यातल्या एका सबस्टेशनच्या आवारातले क्वार्टर होते. त्यांचे यजमान मोरेश्वरराव तेथे ऑपरेटर होते. तारांच्या कुंपणापलीकडे मोठमोठे ट्रान्सफॉर्मर उभे असत आणि ते रात्रंदिवस घुमत असत. भाजी चिरताना, मुलाला निजवताना, दुखण्यात अंथरुणावर पडलेले असताना, तो घुमारा असेच. माहेरची माणसे आली की दारातच थबकत आणि विचारत, "हा कसला आवाज गं?" शुभाताई खऱ्याखुऱ्या आश्चर्याने विचारीत, "कुठला?" क्वार्टरमधली सर्व माणसे अशीच होती. त्यांना आवाजाने कधी जाग आली नाही. यार्डातली वीज बंद पडली की मात्र सगळी आळी एकदम जागी होत असे, आणि काय हरवले ते न कळल्यामुळे लहान मुले रडू लागत.

मोरेश्वरराव निवृत्त झाले आणि दोघे मुलाकडे अमेरिकेत आली. येथे अंगणाच्या कोपऱ्यात गवतावर हिरव्या रंगाची एक लोखंडी पेटी होती. पहिल्याच उन्हाळ्यात मोरेश्वरराव तिच्याजवळ वाकून उभे राहिले आणि घरात येऊन म्हणाले, "शुभे, यांचा ट्रान्सफॉर्मर बेसूर आहे."

"अहो, लोकांच्या देशात येऊन त्यांच्या विजेला नावं ठेवता?"

"नावं नाही ठेवत. यांची वीज आपल्यापेक्षा भरभर हेलकावे खाते, म्हणून सूर चढा लागतो. कानाला बरोबर वाटत नाही, एवढंच."

परीक्षितला याची फार गंमत वाटली. मित्रांमध्ये तो सांगत असे, "आमच्या बाबांना होमसिक व्हायला पुरणपोळी लागत नाही, हाय व्होल्टेज लागतं." सगळे हसत, मोरेश्वररावही हसत. शुभाताईंच्या मनात मात्र ते बोलणे खरे म्हणून बसले. यांना तिकडची आठवण येते, असे त्यांनी धरून चालले.

मोरेश्वरराव जानेवारीच्या सुरुवातीला गेले. सकाळी चहा घेतला, पायांत मोजे घालता घालता खुर्चीतच मान टाकली. कोणाला काही सांगण्यास वेळ मिळाला नाही. शुभाताईंना जाण्यापेक्षा हे न सांगणे अधिक लागले.

दहाव्या दिवशीचा विधी मागच्या अंगणातच करावा लागला, कारण नदीकाठच्या बागेत पक्ष्यांना अन्न घालण्यास मनाई होती. यतीन गुरुजी एका विमा कंपनीत सॉफ्टवेअरचे काम करीत आणि सुटीच्या दिवशी पौरोहित्य करीत. त्यांनी सोवळ्यावर जाड जाकीट चढवले होते. बर्फ बाजूला सारून पाट मांडला, पाटावर पिंड ठेवला, आणि सर्व जण काचेच्या दारापाशी दाटीने उभे राहिले. कावळा लवकरच आला. आपल्याकडच्यापेक्षा थोराड, काळाकुळकुळीत. तो कुंपणावर बसला, पिंडाकडे पाहिले, आणि बसूनच राहिला.

"काकांची काही इच्छा राहिली असेल तर बोला," गुरुजी हळू आवाजात म्हणाले. "अनमान करू नका. मोठ्याने बोला."

परीक्षितने दार सरकवले आणि बाहेर जाऊन हात जोडले. "बाबा, आईला मी नीट सांभाळीन. तुम्ही काळजी करू नका."

कावळ्याने मान फिरवली.

"बाबा, अनिकाचं मराठी सुटू देणार नाही," रुचा म्हणाली.

कावळा हलला नाही.

"आपलं वर्ध्याचं घर विकणार नाही, बाबा. प्रॉमिस," परीक्षित पुन्हा म्हणाला.

कावळा उडाला आणि शेजाऱ्यांच्या छपरावर जाऊन बसला. तेवढ्यात कुंपणाखालून एक खार सुळकन आली, पाटावर चढली आणि पिंडातला भात दोन्ही हातांनी खाऊ लागली.

"गुरुजी, खार चालेल का?" परीक्षितने विचारले. तो डोळे पुसत होता.

"शास्त्रात खारीचा उल्लेख नाही."

"शास्त्रात इलिनॉयचाही नाहीये, गुरुजी."

"आजोबा लाइक्ड स्क्विरल्स," अनिका म्हणाली. त्यावर रुचाला हसू आले आणि हसता हसता तिला रडू कोसळले.

अखेर गुरुजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला. असे केले की विधी पूर्ण होतो, असे त्यांनी समजावून सांगितले आणि ते योग्यच होते. परंतु शुभाताईंचे समाधान झाले नाही. सर्वांनी वचने दिली होती, त्या एकट्या गप्प राहिल्या होत्या. ज्या माणसाबरोबर जन्म काढला त्याची राहिलेली इच्छा आपल्याला ठाऊक नाही, ही गोष्ट त्यांना त्या थंडीत उभे असताना प्रथमच समजली होती. म्हणूनच तो आवाज सुरू झाला तेव्हा त्यांना भीती वाटली नाही. हे अजून येथेच आहेत, कशासाठी तरी अडले आहेत आणि ते काय ते मला विचारत आहेत, असे त्यांनी ठरवून टाकले. ती इच्छा शोधून काढणे आणि यांना मोकळे करणे, एवढे एकच काम आता आपल्यापुढे आहे, असे त्यांना वाटू लागले.

त्या शोधात त्यांच्या हाती डमरू लागला.

डमरू हे घरात पडलेले नाव. वस्तू चिनी होती. आदल्या वर्षीच्या उन्हाळ्यात मोरेश्वरराव रोज सकाळी बागेत फिरायला जात. तेथे चिनी ज्येष्ठ मंडळी व्यायामासाठी जमत. त्यांत सोंग नावाचे एक गृहस्थ होते. दोन काठ्यांना बांधलेल्या दोरीवर ते डमरूच्या आकाराची एक वस्तू फिरवीत आणि ती वस्तू फिरू लागली की गाऊ लागे. मोरेश्वरराव पहिल्या दिवशी लांबून बघत राहिले, दुसऱ्या दिवशी जवळ गेले आणि तिसऱ्या दिवशी काठ्या आणि ती वस्तू उसनी घेऊन घरी आले.

घरी आले की चहाच्या वेळी ते शुभाताईंना सर्व काही समजावून सांगत. माणूस मूळचा कमी बोलणारा, पण या विषयावर मात्र त्यांची कळी खुलत असे.

"अगं, हा आपला भोवराच. फक्त जमिनीवरून उचलून दोरीवर बसवलाय. सोंग म्हणतात, आधी त्यांच्याकडेही जमिनीवरचाच होता. कोणी उचलला, केव्हा उचलला, ते कोणालाच माहीत नाही. चारशे वर्षांपूर्वी पेकिंगची पोरं वसंत ऋतूत असलं काही तरी फिरवायची, एवढं लिहून ठेवलेलं आहे म्हणे."

"आणि हा आवाज?"

"तीच तर गंमत आहे. याचं नाव खुंगचू. म्हणजे पोकळ बांबू. हे बघ." ते वस्तू हातात धरून दाखवीत. मध्ये कमरेसारखा बारीक लाकडी दांडा. दोन्ही टोकांना बांबूचे पोकळ, चपटे डबे. डब्यांच्या कडेवर तिरप्या कापलेल्या फटी, एक मोठी आणि बाकीच्या लहान. "प्रत्येक फटीमागे आत वेगळी खोली आहे. हा फिरला की वारा फटीवर घासतो, बासरीच्या तोंडावर फुंकर घासते तसा. मोठ्या खोलीतून खर्ज निघतो, लहान खोल्यांतून वरचे सूर. काही खुंगचूंना एकाच बाजूला डबा असतो, तो फिरवायला अवघड. तो आपल्याला या जन्मात जमायचा नाही."

"हा तरी जमतोय का?"

"काल सोंगच्या बायकोच्या थर्मासवर पडला," मोरेश्वरराव गंभीरपणे म्हणाले.

पुढे ही वस्तू जहाजातून युरोपात गेली. तिकडच्या लोकांनी तिचे डबे उलट्या वाट्यांसारखे केले, फटी काढून टाकल्या आणि आवाज घालवून टाकला, असेही ते सांगत. हल्ली दुकानात मिळणारे प्लास्टिकचे असतात, मध्ये बेअरिंग घालतात, त्यामुळे पुष्कळ वेळ फिरतात. "पण मुके," असे म्हणून ते मान हलवीत. दिवाळीच्या सुमारास सोंग यांनी आपला एक जुना बांबूचा खुंगचू त्यांना भेट दिला. बर्फ पडू लागेपर्यंत मोरेश्वरराव तो रोज फिरवीत होते. थंडी वाढल्यावर ते गॅरेजमध्ये फिरवू लागले, तेही दार लावून. शुभाताईंना स्वयंपाकघरात त्याचा आवाज येत नसे.

आता गॅरेजमधल्या कपाटात तो डमरू सापडला तेव्हा शुभाताईंना वाटले की आपल्याला उत्तर मिळाले. डमरू मळलेला होता. मोठी फट तेवढी उघडी होती, बाकीच्या लहान फटींमध्ये काही तरी पिवळट बसले होते. दांडा खरखरीत झाला होता. शुभाताईंनी तो मांडीवर घेतला आणि मनाशी जुळवाजुळव केली. यांना तिकडचा घुमारा हवा होता. यांना घरची आठवण येत होती. या खेळण्यातून तो काढायचा राहून गेला. हीच ती इच्छा.

मग त्यांनी जे केले ते कोणत्याही मराठी घरातल्या बाईने केले असते. फटींतली घाण केसातल्या आकड्याने हळूहळू टोकरून काढली. ओल्या फडक्याने पुसून घेतले. पोळपाट-लाटण्याला, पाटाला, पाळण्याला जसे तेल चोळतात तसे खोबरेल तेल बोटावर घेऊन सर्व अंगाला, दांड्यालाही, प्रेमाने जिरवले. मग कुंकवाचे बोट लावून तो मोरेश्वररावांच्या फोटोपुढे ठेवला आणि रुचाला म्हणाल्या, "मला त्या सोंगभाऊंकडे ने."

"आई, त्यांना फोन करून विचारते. पण कशासाठी म्हणू?"

"हा फिरवायचा आहे म्हणावं. एकदा. यांच्यासाठी."

रुचाने आढेवेढे घेतले नाहीत. आवाजाची गोष्ट परीक्षितने तिला सांगितली होती आणि तिला सासूची काळजी वाटत होती.

शनिवारी सकाळी दोघी सोंग यांच्या घरी गेल्या. चिनी नववर्ष नुकतेच होऊन गेले होते, दारावर लाल कागद चिकटवलेले होते. सोंग उंच, वाकलेले, पंचाहत्तरीच्या पुढचे असावेत. ते इंग्रजी थांबत थांबत बोलत, आणि डावा कान बोलणाऱ्याकडे वळवून ऐकत. शुभाताईंना पाहून त्यांनी दोन्ही हातांनी नमस्कारासारखे काही तरी केले. मोरेश्वररावांनी शिकवले असावे. त्यानंतर झालेले सर्व बोलणे रुचा मराठीत सांगत गेली.

गॅरेजमध्ये एक मोटार आणि पुष्कळ मोकळी जागा होती. सोंग यांनी काठ्या घेतल्या, दोरी डमरूच्या कमरेखालून घातली, डमरू जमिनीवर उजवीकडून डावीकडे घरंगळवला आणि उचलला. उजवा हात वर झटकला. डमरू फिरला नाही. दोरी दांड्यावरून नुसती सरकली. त्यांनी पुन्हा झटकला. डमरू कलंडला आणि मोटारीच्या चाकाशी जाऊन पडला.

सोंग यांनी तो उचलला, बोट फिरवले, बोट नाकाशी नेले आणि शुभाताईंकडे वळून काही म्हणाले. रुचाला हसू आवरेना.

"आई, ते विचारतायत, याची भाजी करणार होता का?"

"तेल लावलं. लाकडाला तेल नको?"

"दोरीची पकड गेली म्हणे. दोरी दांड्याला घासते म्हणून तर हा फिरतो. घासलीच नाही तर कसा फिरणार?"

शुभाताई ओशाळल्या. सोंग मात्र अजिबात रागावले नाहीत. त्यांनी दांडा राखेने घासला, कोरड्या कापडाने पुसला, त्यावर खडू फिरवला. ते करता करता त्यांचे लक्ष डब्याच्या कडेकडे गेले. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, दुसरी बाजू पाहिली. त्यांचा चेहरा बदलला.

"मेण कुठे गेलं, असं विचारतायत," रुचा म्हणाली.

"कसलं मेण?"

"लहान फटींमध्ये बाबांनी मेण भरलं होतं. मेणबत्तीचं."

"मला वाटलं घाण आहे. मी आकड्याने काढली."

सोंग यांनी एक घडीची खुर्ची उघडून शुभाताईंना बसायला दिली, स्वतः उलट्या बादलीवर बसले, आणि बोलू लागले. रुचा आधी एकेक वाक्य सांगत होती, पुढे पुढे ती सांगताना अडखळू लागली.

"म्हणतात, मी त्याच्यावर रागावलो होतो. लहान फटी म्हणजे जत्रेचा आवाज. आमच्या तिएनचिनला नववर्षाच्या जत्रेत शंभर खुंगचू एकदम वाजायचे, ते या लहान फटींमुळे. तू चांगले सूर मारून टाकलेस आणि नुसता खर्ज ठेवलास, असं मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, मला एवढाच हवा."

"तिकडचा आवाज," शुभाताई म्हणाल्या. "सबस्टेशनचा. यांना त्याची आठवण यायची. विचार त्यांना, तेच ना?"

रुचाने विचारले. सोंग यांनी मान हलवली, पण ती होकारार्थी नव्हती. त्यांनी स्वतःच्या उजव्या कानावर बोट ठेवले.

"आई..." रुचा थांबली.

"सांग."

"ते म्हणतात, मी पत्रा ठोकण्याच्या कारखान्यात होतो. माझ्या या कानात शिट्टी वाजते, दिवसरात्र. डॉक्टर म्हणतात बाहेर काही नाही, कानातच आहे. एकदा मी बागेत असा कान दाबून उभा होतो, तर तुमच्या यजमानांनी विचारलं, तुम्हालाही का? त्यांच्या कानात तो घुमारा होता, आई. ट्रान्सफॉर्मरचा. नोकरीत असल्यापासून. रिटायर झाल्यावर सगळीकडे शांत झालं आणि तो जास्त ऐकू यायला लागला. इकडे आल्यावर तर फारच, कारण इकडच्या विजेच्या आवाजात तो लपत नव्हता. बाबांना त्याची आठवण येत नव्हती. तो जातच नव्हता."

गॅरेजच्या बाहेर कोणी तरी फावड्याने बर्फ ओढत होते. शुभाताई त्या आवाजाकडे लक्ष देऊन ऐकत राहिल्या, दुसरे ऐकावे लागू नये म्हणून.

"खुंगचू त्याच सुरात लागला की तेवढ्यापुरता कानातला झाकला जायचा. म्हणून मेण. म्हणून रोज."

"मला का नाही सांगितलं?" शुभाताईंनी थेट सोंग यांनाच मराठीत विचारले. रुचाने भाषांतर करण्यापूर्वीच ते त्यांना समजले असावे.

सोंग यांनी उत्तर दिले आणि खाली पाहिले.

"मीही हेच विचारलं होतं, म्हणतात. तर बाबा म्हणाले, तिला सांगितलं तर तीही ऐकत बसेल."

शुभाताईंना कोणी सांगितले नव्हते, तरी त्या ऐकतच बसल्या होत्या.

सोंग उठले. फडताळातून अर्धी जळलेली लाल मेणबत्ती काढून त्यांनी ती पेटवली, आणि लहान फटींमध्ये एकेक थेंब पाडला. फुंकर घातली. नखाने कड सारखी केली. मग काठ्या उचलल्या. या वेळी दोरीने दांडा पकडला. डमरू गडगडत वर आला, सरळ झाला, उजवा हात सारखा उसळू लागला आणि डावा त्याच्या मागून जाऊ लागला. प्रथम नुसती फडफड झाली. मग हवा फटीला लागली आणि खर्ज उठला, वाढला, एका जागी येऊन स्थिर झाला.

रुचा ज्या क्वार्टरमध्ये कधी राहिली नव्हती ते क्वार्टर शुभाताईंच्या भोवती उभे राहिले. पण त्याहून वेगळी एक गोष्ट घडली. इतके दिवस त्यांच्याबरोबर खोलीखोलीतून हिंडणारा आवाज नाहीसा झाला. बाहेरचा आवाज त्यावर बरोबर बसला आणि आत काहीही उरले नाही. ती शांतता इतकी अचानक होती की यार्डातली वीज गेल्यावर दचकून उठणाऱ्या मुलांसारख्या त्या खुर्चीतून उठल्या.

"थांबवा," त्या म्हणाल्या. "थांबवा, थांबवा."

सोंग यांनी दोरी सैल सोडली. डमरू खाली उतरला, घरंगळला, निजला. खर्ज विरला. आणि त्याच्यामागून, हळूच, कानातला घुमारा परत आला. शुभाताईंनी डोळे मिटले. त्या तशाच उभ्या राहिल्या, आणि रुचाने दंडाला धरल्यावर पुन्हा बसल्या.

"आई, तुम्हालाही येतो ना तो? आत्ता गेला होता ना?" रुचाने विचारले. "अहो, मग तुम्ही शिका ना हे. ते म्हणतायत, शिकवतो. रोज थोडा वेळ. बाबांसारखं."

शुभाताई विचार करीत होत्या आणि त्यांचा विचार सावकाश पण नीट चालत असे. यांची राहिलेली इच्छा कोणती होती, ते आता कळले होते. घरची आठवण नव्हे, सबस्टेशनचा सूर नव्हे, यांना शांतता हवी होती. एवढ्या वर्षांत ती यांना मिळाली नाही आणि मागताही आली नाही. आणि ज्या दुपारी घर रिकामे झाले त्या दुपारी तो आवाज माझ्याकडे आला. माझ्याकडे आला याचा अर्थ यांच्याकडे तो उरला नाही. एक आवाज दोन ठिकाणी कसा असेल?

हे म्हणणे कोणा डॉक्टरला पटले नसते. परीक्षितला तर मुळीच पटले नसते. शुभाताईंनी ते कोणाला पटवण्याचा प्रयत्न केला नाही.

त्यांनी डमरू उचलला, पदराने पुसला, आणि दोन्ही हातांनी सोंग यांच्यापुढे धरला. "हा तुम्ही ठेवा, भाऊ. मेण काढून टाका. जत्रेचा आवाज काढा. यांना आता नको."

सोंग यांनी इंग्रजीत एकच शब्द विचारला. तो शुभाताईंनाही समजला.

"मला? मलाही नको," त्या म्हणाल्या.

परतताना सिग्नलला गाडी थांबली तेव्हा रुचाने विचारले, "आई, खरं सांगा, अजून येतोय?"

"येतोय."

"आपण कानाच्या डॉक्टरकडे जाऊ या ना. मी अपॉइंटमेंट घेते."

"घे की. जाऊ आपण." शुभाताई खिडकीबाहेर पाहत होत्या. "पण तो घालवू नका म्हणावं त्यांना. बाकी काही तपासायचं असेल ते तपासा."

"असं कसं सांगू मी डॉक्टरला?"

"इंग्रजीत सांग."

रुचाने त्यांच्याकडे पाहिले. सासूबाई थट्टा करीत आहेत की नाही ते तिला कळेना. मागच्या मोटारीने हॉर्न वाजवला आणि तिने गाडी पुढे काढली.

घरी आल्यावर रुचा अनिकाला पोहण्याच्या वर्गाला घेऊन गेली. परीक्षितही बाहेर पडला. शुभाताई एकट्याच स्वयंपाकघरात उभ्या राहिल्या. फर्नेस थांबली. फ्रिज थांबला. घुमारा होता.

सबस्टेशनमध्ये पाळी बदलण्याची एक पद्धत होती. येणारा माणूस आधी पॅनेलवरचे सगळे काटे बघे, यार्डाकडे कान देऊन थोडा वेळ उभा राही, आणि मग मोठ्याने म्हणे, 'चार्ज घेतला.' हे शब्द ऐकल्याशिवाय जाणाऱ्याने जागा सोडायची नसे, मग बाहेर पाऊस असो की घरी आजारी मूल असो. मोरेश्वररावांना कधी उशीर झाला तर तेवढ्यामुळेच होत असे.

शुभाताई दाराशी गेल्या. घरभर कान देऊन ऐकले. पदर सारखा केला.

"अहो," त्या मोठ्याने म्हणाल्या, "चार्ज घेतला. जा तुम्ही."

मग त्यांनी चहाला आधण ठेवले, एकाच कपाचे.